मामाजी आणि कॉम्प्युटरचा सप्लाय

आमचा जुना कॉम्प्युटर मागच्या हिवाळ्यात बंद पडला तो पडलाच. इथे सिंदीला मी घरीच मुलांना कॉम्प्युटर शिकवायचे, तेव्हाचा तो. दुरुस्तीवाल्यानं पाहिलं आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेला, ताई. पॉवर सप्लाय तेवढा धड आहे." बाकीचं भंगारात दिलं. सप्लायचा पत्र्याचा डबा मात्र मी रंगीबेरंगी तारांच्या झुपक्यासकट ठेवून घेतला.

मला छोटी सर्किटं जुळवायचा नाद आहे. कुंडीतली माती सुकली की दिवा लागावा, असं काहीबाही. त्यासाठी आणलेल्या बॅटऱ्या दोन दिवसांत संपायच्या. या डब्यातून बारा व्होल्ट, पाच व्होल्ट आणि तीनपेक्षा थोडं जास्त, असं सगळं आयतं मिळणार होतं.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. हात थरथरायला लागले तसं त्यांनी दुकान बंद केलं. नंतर कोणी रेडिओ घेऊन आलं, तर "मले नाई जमत आता" म्हणून दारातूनच परत पाठवायचे. माझ्या टेबलाकडे तर ते फिरकतही नसत.

डब्याचे स्क्रू काढायला बसले, तेव्हा पलंगावरूनच त्यांचा आवाज आला.

"प्लग काढून किती वेळ झाला?"

"आत्ताच काढला, मामाजी."

"मंग हात नोको लावू. कंडेन्सरमंधी करंट राह्यते. दोन दिवस पडू दे तसाच."

मी पडू दिला. तिसऱ्या दिवशी आतली धूळ ब्रशनं झाडली, झाकण बसवलं आणि प्लग लावला. हिरवी तार काळ्या तारेला जोडली की हा सप्लाय कॉम्प्युटरशिवायही चालू होतो, एवढं मला माहीत होतं. जोडली. डब्यातला पंखा एक गिरकी घेऊन थांबला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझा चेहराच पडला.

"जळला वाटते," मी म्हणाले.

मामाजी उठून टेबलापाशी आले. डबा उचलून पाहिला, त्याचं हलकेपण काही त्यांना पटलं नाही. "हे काय, वजनच नाई याच्यात," म्हणाले. मग जरा थांबून, "त्याच्यावर काही लोड हाय का?"

"लोड काऊन लागते? नुसता चालू करून पाहून राह्यली मी."

"काहीतरी काम दे त्याले. रिकामा नसन चालत हा."

त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली आणि स्कूटरचा एक जुना बल्ब काढला. तो लाल आणि काळ्या तारेत अडकवून मी पुन्हा चालू केलं. बल्ब मंद पिवळा पेटला आणि पंखा फिरतच राहिला. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण खुर्ची मात्र ओढून घेतली.

पुन्हा दोन दिवस थांबून आतला बोर्ड बाहेर काढला, आणि रिकाम्या डब्याला वेल्डिंगच्या दुकानातून भोकं पाडून आणली. त्यात लाल-काळे सॉकेट बसवले. आता तारा सोल्डर करायच्या होत्या.

"आण इकडे," मामाजी म्हणाले.

सोल्डरिंग आयर्नचं टोक तारेवर टेकेना. दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा शेजारच्या तारेचं प्लास्टिक जळलं. त्यांनी आयर्न स्टँडवर ठेवलं आणि खुर्ची मागे सरकवली. मी उठून चहा ठेवला.

चहा झाल्यावर तेच म्हणाले, "तू धर. मी सांगतो. आधी तार तापव, मंग सोल्डर लाव. फुंकर नोको मारू."

त्या दुपारी मी सोल्डरचे अकरा डाग दिले. त्यातले चार त्यांनी परत करायला लावले.

सप्लाय तयार झाल्यावर त्यांनी स्वतःचा दोन सेलचा ट्रान्झिस्टर आणला. तीन व्होल्टच्या सॉकेटला लावून नागपूर केंद्र लावलं, तर निवेदकाच्या आवाजावर नुसती किरकिर.

"पाह्य! किती आवाज करून राह्यला हा," मामाजी म्हणाले. दुकान बंद झाल्यापासून इतके खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं. "जुन्या वजनदार ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय असता, तर अशी किरकिर नसती."

मी सेल परत घातले. रेडिओ स्वच्छ वाजला. माझी सर्किटं मात्र त्या डब्यावर छान चालतात. त्यांना किरकिरीशी काही देणंघेणं नाही.

आता कोणी रेडिओ घेऊन आलं, की मामाजी त्यांना आत बसवतात. दोष ते शोधतात, डाग मी देते. रेडिओसाठी वेगळा सप्लाय पाहिजेच, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि आतल्या ट्रान्सफॉर्मरसाठी भंगारवाल्याकडून एक बिघडलेला स्टॅबिलायझर आणवलाय. तो ओसरीवर पडून आहे. सध्या शेतात कापसाची वेचणी चालू आहे, म्हणून मी अजून हात लावलेला नाही. तो कधी उघडणार, असं मामाजी रोज सकाळी एकदा विचारतात.