खडूबेनची आठ दिवसांची अट

खडूबेन घरात आली की चहापाण्याच्या आधी जमिनीवर बसायची. खुर्ची पुढे केली तर म्हणायची, “खुर्चीवरून घर दिसत नाय, फक्त माणसं दिसते.” मग पर्समधून पांढऱ्या खडूचा तुकडा काढायची, आणि आम्ही आपोआप भिंतीला लागून उभे राहायचो. मी सुरतेतल्या मराठी शाळेचा मास्तर. खडू हे माझं हत्यार. ते माझ्याच घरात दुसऱ्याच्या हाती पाहायची वेळ आली.

तिचं नाव अर्थातच वेगळं होतं आणि तिच्या दारावरच्या पाटीवर त्यापुढे ‘इंटिरियर डिझायनर’ असं लिहिलेलं होतं. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत सुरतेला या शब्दाचा नवा नाद लागला होता. एका हिरे व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात मी संगमरवरी खांब आणि मधोमध कारंजं पाहिलं होतं. पाहुणे तुषारांपासून चहा वाचवत तिरके बसत होते. त्यामुळे डिंडोलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या रो-हाऊससाठी डिझायनर बोलवावी असं सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणाली, तेव्हा मी विचारलं, “कारंजं कुठे बसवायचं? मोरीत?”

“कारंजं नको,” ती म्हणाली. “आबांना बसवायचंय.”

आबा माझे वडील. धुळ्याकडून येऊन तीस वर्षं त्यांनी सुरतेतल्याच भेस्तानला पॉवरलूम चालवले. एका खोलीत दहा जण पाळीपाळीने झोपायचे, त्यात ते राहिले. लूमच्या खडखडाटात कान गेले. आता काम सुटल्यावर मी त्यांना घरी आणलं होतं, पण त्यांची पत्र्याची ट्रंक दाराशीच होती, कुलूप लावलेली. “माले आठे करमत नही, भाऊ,” ते म्हणायचे. “आखाजीले गावले जासू. मंग तठेच राहसू.” गावी आई नव्हती, भाऊबंद पांगले होते, घराला कुलूप होतं. तिथे त्यांना पाण्याचा तांब्या देणारंही कुणी नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन महिने उरले होते.

खडूबेन कागदावर काहीच काढत नसे. प्रत्येक वस्तू ती खऱ्या मापाची जमिनीवर खडूने काढायची. “ह्या सोफा. ह्या पलंग. आणि ह्या सरांचा बुक्सचा कपाट.” ते कपाट गॅलरीच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत मागची भिंत भरून होतं. माझी पुस्तकं बारा वर्षं पोत्यांत होती. खडूचं का होईना, कपाट पाहून मी दोनदा त्याच्यापुढे येरझारा घातल्या. दिखाऊपणावर पोसलेला माझा सगळा तुसडेपणा तेवढ्यात विरघळला.

तिची अट एकच होती. आठ दिवस या रेघांच्या घरात राहायचं आणि काही पुसायचं नाही. आठ दिवस आम्ही नसलेल्या सोफ्याला वळसे घातले. शेजारीपाजारी बघायला आले. एका बाईने नसलेल्या पलंगावर पाय पडला म्हणून नमस्कारसुद्धा केला. घरात लग्नघरासारखी गडबड होती.

आठव्या दिवशी खडूबेन आली, जमिनीवर बसली आणि बराच वेळ बघत राहिली. सगळ्या रेघा काल काढल्यासारख्या ठसठशीत.

“तुमी लोक चालते की उडते?” तिने विचारलं.

सुमन अभिमानाने पुढे झाली. रोज सकाळी ती पुसट झालेल्या रेघा नव्याने गिरवत होती. रांगोळीत तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. सोफ्याच्या चारही कोपऱ्यांत तिने कमळंही काढली होती. “बाहेरचं माणूस येणार,” ती म्हणाली, “फिसकटलेलं बरं दिसतं का?”

खडूबेनने कपाळाला हात लावला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “सुमनबेन, मला रेघ नको होती. पुसलेली रेघ पाहिजे होती. जिथे खडू पुसते, तिथे माणूस राहते. चालो, फरी आठ दिवस.”

दुसऱ्या आठ दिवसांनंतर घर खरं बोललं. सोफ्याच्या रेघा जवळजवळ शाबूत होत्या, म्हणजे तिथे बसायला कुणाला सवडच नव्हती. स्वयंपाकघराच्या वाटेवरचा पलंग तुडवून नाहीसा झाला होता. आणि माझ्या कपाटाचा कोपरा इतका साफ होता की खाली फरशी चकाकत होती.

“माझ्या कपाटात कोण शिरलं?” मी म्हणालो.

सुमन हळूच म्हणाली, “तुम्ही शाळेत गेलात की आबा तिथे बसतात. तुमची सायकल दिसली की उठतात. पोराची पुस्तकांची जागा आहे म्हणतात.”

खडूबेन उठून त्या कोपऱ्यात जाऊन बसली, भिंतीला पाठ लावून. जरा वेळाने तिने भिंतीवर तळहात ठेवला आणि मला बोलावलं. मीही हात ठेवला. भिंत बारीक थरथरत होती. मागे लूमची शेड होती. तिचा आवाज आम्हाला इतका सवयीचा झाला होता की तो ऐकूच येत नसे. आबांना तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. ते पाठीने ऐकत होते.

खडूबेन त्यांच्या कानाशी ओरडली, “काका, केटला लूम?”

आबा तिच्या शेजारी टेकले. डोळे मिटले. “बारा शेतस. आज अकराच चालू. एक बंद शे.”

मी संशयी माणूस. चप्पल घालून मागच्या शेडवर गेलो. बारा लूम होते आणि एक बंद ठेवून त्यावर ताण्याचा बीम बदलणं चाललं होतं. मी परत अक्षरशः धावत आलो. या वयात मास्तरला धावताना पाहून गल्ली थबकली.

खडूबेनने मला काही समजावलं नाही. खडू माझ्या हातात दिला. “सर, आता तुमी काढा.” मी तळव्याने कपाट पुसलं आणि त्या कोपऱ्यात एक बाक काढला. बावीस वर्षं फळ्यावर सरळ रेघ मारणारा माझा हात त्या दिवशी वाकडा गेला. “चालशे,” ती म्हणाली, “सुतार सरळ करेल.”

पुढचे दिवस करवतीच्या भुशाचे आणि आनंदाचे. पुस्तकं दारांच्या वरून खोलीभर फिरणाऱ्या फळीवर गेली. आजही वाचायला आधी स्टूल शोधावं लागतं. बाकाच्या पोटात आबांच्या कपड्यांसाठी कप्पा केला, त्यांच्या ट्रंकेचं माप घेऊन. खडूबेनशी जमवून घ्यायला अक्कल फारशी लागत नव्हती. आपण कसे राहतो, हे तिच्यापासून लपवायचं नाही, एवढंच.

तरीही आखाजीला आबा निघालेच. हातात कापडी पिशवी, डोक्यावर टोपी. किती दिवसांसाठी, ते सांगितलं नाही. विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी खडूबेन निरोप घ्यायला आली. ती सुरत सोडून बडोद्याला चालली होती. त्यानंतर ती मला कधी भेटली नाही. घरात माझ्या पडलेल्या तोंडाकडे तिने पाहिलं, मग दाराशी असलेल्या ट्रंकेकडे. वाकून तिने ट्रंक एका हाताने उचलली. फुलासारखी वर आली. मग तिने बाकाचं झाकण उघडलं. आत घड्या घातलेली धोतरं, सदरे आणि वर त्यांची लूमवरची जुनी कात्री.

“काका आवशे,” ती म्हणाली आणि जमिनीवर बसून चहा प्यायली.

चौथ्या दिवशी आबा आले. पिशवी ठेवली, पाणी प्यायले, बाकावर बसून भिंतीला पाठ टेकली. आम्ही दोघं समोर उभे होतो. त्यांनी डोळे मिटले.

“बारा,” ते म्हणाले.