सडलेला सरस

चित्रकलेच्या वर्गात पाऊल टाकलं आणि मला उमासा आला. विजेच्या शेगडीवर मातीच्या भांड्यात काहीतरी तपकिरी वितळत होतं आणि खोलीभर ओल्या चामड्याचा वास कोंदला होता. सत्तरी ओलांडलेल्या आमच्या सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, ते शांतपणे ढवळत होत्या. "निकावा," त्या म्हणाल्या. निकावा म्हणजे सरस. जुन्या पद्धतीच्या जपानी चित्रांचे रंग म्हणजे दगडांची आणि शिंपल्यांची पूड. ती कागदावर धरून ठेवायला सरस लागतो. कशाचा असतो, असं मी विचारलं. त्यांनी दोन्ही हात कपाळाशी नेऊन शिंगं करून दाखवली. गाईचं कातडं. मी मान डोलावली आणि तोंडानं श्वास घेत बसून राहिले.

हौस म्हणून मी तिथे गेले नव्हते. पुण्यात मी कॉलेजात इतिहास शिकवायचे. नवऱ्याला तोयोसुतल्या एका आयटी कंपनीत नोकरी मिळाली, आम्ही तोक्योतल्या एदोगावात राहायला आलो, आणि मुलगी शाळेत रमल्यावर मी मराठीत कादंबरी लिहायला घेतली. जुन्या एदो शहरातली, म्हणजे तेव्हाच्या तोक्योतली, एक खुनाची गोष्ट. पंख्यांवर चित्रं काढून पोट भरणारी एक विधवा तो खून शोधून काढते. एका बड्या कापडवाल्याची सून ऐन थंडीत तापानं गेली, असं तिच्या सासरचे सांगत असतात. मेल्यावर काढलेलं म्हणून तिचं चित्र त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी लावलेलं असतं, अंगावर पांढरी कफनी, हातात माळ. पंखेवाली ते बघते आणि ओळखते, की हे सडलेल्या सरसानं काढलंय, आणि सरस सडतो तो भर उन्हाळ्यातच. म्हणजे सून चालतीबोलती होती तेव्हाच घरात तिच्या मरणाचं चित्र तयार होतं.

सगळी कादंबरी या एका गोष्टीवर उभी होती, आणि सडलेला सरस मी कधी हुंगलासुद्धा नव्हता. सेन्सेईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "वास लागला की मी तो टाकून देते. तुम्हीही टाका."

मी टाकला नाही. ऑगस्टमध्ये एका बरणीत सरस भिजवून गच्चीत ठेवला. तोक्योचा ऑगस्ट म्हणजे अंगाला ओलं घोंगडं. चारच दिवसांत बरणीत पातळ, गढूळ पाणी झालं, वर बुरशीची साय धरली. मी झाकण उघडलं आणि उलट्या पावली स्वयंपाकघराच्या सिंककडे धावले. मेलेला उंदीर, आंबलेलं दूध आणि न्हाणीघराचं तुंबलेलं गटार, असं सगळं एकत्र.

"कुसाई!" मुलगी नाक दाबून ओरडली. घाण वासाला तिच्याकडे मराठी शब्दच नाही. नवरा म्हणाला, "अगं, कादंबरीत वास छापून येत नाही."

तरी मी त्याच सरसात शिंपल्यांची पांढरी पूड खलली आणि कागदावर एक चेहरा काढला. हाताला जो वास लागला तो तीनदा साबण लावून जाईना. त्या हातांनी कणीक मळवेना, तेव्हा दोन दिवस घरात ब्रेड खाल्ला. पण चित्र वाळल्यावर वास जवळजवळ गेला. माझं प्रकरणच कोसळलं, कारण माझी पंखेवाली वासावरून ओळखणार होती. वैतागून मी त्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं, तर गालाचा पांढरा रंग भुकटीसारखा बोटावर आला. सडलेल्या सरसात चिकटपणाच उरत नाही. मला खुनाचा पुरावा सापडला होता.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. इमारतीचे व्यवस्थापक दारात उभे होते. वाकून नमस्कार करून म्हणाले, "ओकुसान, माफ करा. आपल्या देशातल्या मसाल्यांचा वास जरा... खालच्या मजल्यावरच्यांना त्रास होतोय."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा कानशिलं तापली. मी गच्चीतून बरणी आणली आणि त्यांच्यासमोर झाकण काढलं. ते मागे सरकले.

"हे आमच्या जेवणातलं नाही," मी म्हटलं. "निकावा आहे. तुमच्या चित्रांतला."

ते पुन्हापुन्हा वाकले, माफी मागत राहिले. पण बरणी दिसेपर्यंत या माणसाला वाटत होतं की आम्ही हे खातो. सडक्या सरसापेक्षा मला त्या विचाराची किळस आली. बरणीतलं मी रद्दीत गुंडाळून कचऱ्यात टाकलं आणि प्रकरण नव्यानं लिहिलं.

वर्षभरानं हस्तलिखित पूर्ण झालं. पुण्यातल्या एका प्रकाशकांनी वाचून व्हिडिओ कॉल लावला. वडिलांच्या वयाचे, मृदू बोलणारे गृहस्थ. सुरुवातीला भरभरून कौतुक केलं.

"फक्त एक," ते म्हणाले. "पहिल्या पानावर प्रेत हवं, ताई. तुम्ही सुनेला मेलेलीच दाखवता, मरताना दाखवत नाही. बर्फात पडलेली दाखवा. किमोनो सुटलेला. पांढऱ्यावर लाल."

"ती अंथरुणात विषानं मरते," मी म्हटलं.

"ते नंतर कळू दे की. आणि ती चित्रकार बाई आहे, तिनं त्या देहाचं चित्र काढावं. सावकाश. एकेक अवयव. जपान म्हटल्यावर वाचकाची काही अपेक्षा असते."

एवढ्यात त्यांच्या मागचं दार उघडलं. त्यांची सून चहा घेऊन आत आली. त्यांनी हातातले कागद उलटे केले, "ठेव बाळ, ठेव," म्हणाले. ती गेल्यावर दार लागल्याची खात्री करून पुन्हा माझ्याकडे वळले. "तर मी काय सांगत होतो, मांडीपर्यंत..."

मी स्क्रीनवरचा तो स्वच्छ, चंदन लावलेला चेहरा बघत राहिले. जिच्यासमोर हे बोलता येत नाही, तिच्यासारख्याच बाईला मारून उघडी टाकायला हा माणूस चहा पितापिता सांगत होता.

"मला विचार करायला वेळ द्या," एवढंच मी बोलू शकले.

दोन दिवसांनी त्यांनी मुखपृष्ठाचा नमुनाच पाठवला. बर्फ, उघडी पाठ, पाठीवरून ओघळणारं रक्त. चेहरा नव्हताच. नवरा म्हणाला, "इतकी वर्षं घातलीस. मुखपृष्ठ कोण लक्षात ठेवतं?" त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, म्हणून मी त्याच्याशी भांडले नाही. पण हस्तलिखित परत मागितलं. उत्तरादाखल प्रकाशकांनी लिहिलं, "तिकडे राहून तुम्ही फार सोवळ्या झालात."

पुढे एका लहान प्रकाशन संस्थेनं कादंबरी जशीच्या तशी छापली. मुखपृष्ठावर फक्त एक पंखा. गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी काही प्रती टेबलावर मांडल्या. नागोयाहून आलेले एक इंजिनियर गृहस्थ थांबले, प्रत उचलून मागचा मजकूर वाचला आणि डोळा मिचकावत म्हणाले, "वहिनी, गेइशाबिइशा, काही मसाला आहे ना आत?"

मी त्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि खाली खोक्यात ठेवलं. त्यांना ती गंमत वाटली. ते हसत राहिले, शेजारच्याला सांगूही लागले. मी उरलेल्या प्रतीही उचलल्या आणि नळ शोधत हात धुवायला गेले.