काकूंचे पांढरे ससे

"पाय दाखव."

दार उघडल्यावर 'कोण', 'या', 'बसा' यांपैकी काहीच नाही. नजर खाली, तर्जनी खाली आणि हे दोन शब्द. सस्काटूनमध्ये आमच्या शेजारच्या घरात राहणाऱ्या काकूंची आणि माझी ओळख अशी पायांपासून सुरू झाली. माझ्या चेहऱ्यापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला, आणि पोचल्यावर फारसं काही आवडलं असावं असंही वाटलं नाही.

मी तेव्हा पुण्याहून नवाच आलो होतो. पायांत खास कॅनडासाठी घेतलेले बूट होते. तपकिरी चामड्याचे, वर लोकरीची झालर. दुकानदार म्हणाला होता, "सर, हे स्वित्झर्लंडलासुद्धा चालतात." चालत असतील. सस्काटूनला आमच्या घरापासून त्यांच्या घरापर्यंत येता येता ते पापडासारखे कडक झाले होते.

"लग्नाला निघाला का?" काकूंनी विचारलं.

"नाही, तुमच्याकडेच आलो. शेजारी आहे."

"मग आत ये. त्यांनाही आत घे बाप्पा, नाहीतर उद्या हातोडीनं काढावे लागतील."

तुमच्याही गल्लीत, ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे उभं राहिलं की आपण चौथीत आहोत असं वाटतं. काकू तशा होत्या. उंची जेमतेम माझ्या खांद्याला लागेल इतकी. अंगात घोट्यापर्यंतचा पार्का, म्हणजे टोपीवाला जाडजूड कोट, त्याखालून डोकावणारे साडीचे काठ आणि साडीखाली दोन प्रचंड पांढरे बूट. फुगीर, गुळगुळीत, रबरी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, एक छोटी बाई दोन कलिंगडांवर उभी राहून चालते आहे.

हे बूट अमेरिकन सैन्याचे. सैन्याला नको झालेला माल विकणारं एक दुकान गावाबाहेर आहे, तिथून आणलेले. इकडचे लोक त्यांना बनी बूट म्हणतात, काकू सरळ 'ससे' म्हणत. "माझे ससे कुठे गेले?" असं त्यांनी ओरडून विचारलं की नवा पाहुणा सोफ्याखाली बघायचा.

काकू मूळच्या अकोल्याच्या. इथल्या विद्यापीठात मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. "अकोल्यात मे महिन्यात पाय भाजले, इथं जानेवारीत गोठले. दोन्हीकडचा अनुभव असल्याशिवाय पायाबद्दल कोणी मला शिकवू नये," असं त्या म्हणत. कुठलाही निर्णय घ्यायचा असला, की मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत आणि म्हणत, "बघू, पाय काय म्हणतात." इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला किती मोदक करायचे, हेही पायांना विचारून ठरे.

त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला बेसमेंटमध्ये नेलं. तिथे भिंतीला लागून सशांची रांगच होती.

"हे घे. थर्मास आहे हा, पायाचा. रबराचे दोन थर, मधे लोकर बंद केलेली. बाहेरचं पाणी आत येत नाही, आतला घाम लोकरीला लागत नाही. पाय ओला होईल, पण गार होणार नाही. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. मला समजलं नव्हतं, हे पुढे सिद्ध झालं.

"किती साइज?"

मी हळूच सांगितली. माझे पाय पुरुषाच्या मानाने लहान आहेत. ही गोष्ट मी लग्न ठरेपर्यंत लपवली होती. काकू खूश झाल्या. "अरे, मी घालते तोच नंबर! दोन जोड मोजे चढवले की मला बरोबर बसतो."

पैसे विचारले तर म्हणाल्या, "संक्रांतीचं वाण आहे. आधीच दिलं."

त्याचं असं होतं. काका गेल्यावर काकूंनी हळदीकुंकू बंद करावं, असं मंडळातल्या कोणीतरी गोड आवाजात सुचवलं होतं. काकू म्हणाल्या, "थंडीला माहीत असते का, कोण सवाष्ण अन् कोण नाही?" आणि त्या वर्षापासून त्यांनी हळदीकुंकू दुप्पट मोठं केलं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे डबे बंद झाले, ससे सुरू झाले. "वाट्या किती साठवाल? बोटं दहाच आहेत पायाला, ती सांभाळा." बायकांना द्यायच्या, त्यांच्या नवऱ्यांना द्यायच्या, नव्या आलेल्या विद्यार्थ्यांना तर विमानतळावरच द्यायच्या. सस्काटूनच्या बसस्टॉपवर पांढरे रबरी बूट दिसले, की तो माणूस मराठी असण्याची शक्यता बरीच होती.

आता माझा पराक्रम सांगतो. या बुटाला घोट्यापाशी एक छोटी झडप असते, स्क्रूसारखी. दोन दिवस घालून माझे पाय घामाने चिंब झाले. मला वाटलं, झडप हवा खेळती राहावी म्हणूनच असणार. कुठल्या शहाण्याने ती बंद ठेवली? मी डाव्या बुटाची झडप उघडली आणि त्याच ऐटीत गाडी धुवायला गेलो. इथे गाड्या धुवायला गरम केलेल्या शेड असतात. त्या दिवशी तिथली मोरी तुंबली होती. मी घोटाभर पाण्यात उभा राहून शीळ वाजवत गाडी धुतली.

घरी येईपर्यंत डावा बूट बादलीसारखा जड झाला होता. पाणी झडपेतून आतल्या लोकरीत गेलं होतं आणि तिथून ते आता जन्मात निघणार नव्हतं. काकूंनी बूट कानाशी धरून हलवला. आतून आवाज आला.

"झडप काऊन उघडली?"

"हवा लागावी म्हणून..."

"ती विमानासाठी असते. वर हवा विरळ झाली की बूट फुगून फाटू नये म्हणून. तू उडून राहिला होता का?"

नवा जोड मागायची माझी हिंमत झाली नाही. हिवाळाभर मी तोच घातला. उजवा पाय अकोल्यात, डावा सस्काटूनमध्ये.

आता खरी गोष्ट. आदल्या हिवाळ्यात काकू पडल्या होत्या. कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला नुसत्या चपलेवर गेल्या, घसरल्या आणि मनगट मोडलं. त्यांचे एकुलते चिरंजीव सरेला राहतात, व्हँकूवरजवळ, जिथे हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस पडतो. त्यांनी आईसाठी स्वतःच्याच इमारतीत एक छोटा कॉन्डो बघून ठेवला. काकूंना जायचं नव्हतं. हे घर, मागचं अंगण, त्यातली चाळीस वर्षं कसलेली माती, सगळं सोडून आठव्या मजल्यावर जायचं म्हणजे काय, हे चिरंजीवांना फोनवर कळत नव्हतं. शेवटी करार झाला: हा एक हिवाळा. काही झालं नाही तर राहा. एकदा जरी काही झालं, तर सामान बांधा.

आणि देखरेखीला नेमलं मला. दर रविवारी फोन यायचा. "हाऊ इज शी? बाहेर जाते का?"

"छे छे, अजिबात नाही," मी खिडकीतून बघत सांगायचो. बाहेर काकू त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून माझा करायला लागलेल्या असायच्या. खोऱ्याचा आवाज फोनमध्ये जायचा.

"इज दॅट अ शॉव्हल?"

"मिक्सर आहे."

अर्धा हिवाळा काकूंनी स्वच्छ काढला. मग संक्रांत आली, आणि प्रत्यक्ष तपासणीसाठी चिरंजीव आले. बाहेर उणे अडतीस. त्यांच्या पायांत सरेचे पातळ, नाजूक बूट. काकूंनी दार उघडलं, खाली बघितलं आणि पोटच्या मुलालाही तेच ऐकवलं. "पाय दाखव."

दुपारी हळदीकुंकू होतं. दारात सशांचा ढीग पडला. सगळे पांढरे, सगळे सारखे. काकूंच्या जोडावर ओळखीसाठी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता. आता, दसऱ्याला आपण गाडीला हळदकुंकू लावतो की नाही? मला वाटलं, इथे बूट हेच वाहन. त्यांनाही मान मिळावा. बायका आत उखाणे घेत होत्या, मी दारात बसून ओलं कुंकू करून प्रत्येक बुटाला एकेक लाल ठिपका लावला. माझ्या कल्पकतेवर मी इतका खूश झालो, की मोबाइलवर फोटोसुद्धा काढला.

मग गाडी गरम करायला म्हणून मी घरी निघालो. ढिगातून आपल्या नंबरचा ठिपकेवाला जोड घातला. बाहेर पडलो तर काय, डावा पाय चक्क उबदार! मनात म्हटलं, कुंकवाला पावला बूट. लोकर वाळली! आनंदाच्या भरात मी गाडी तर गरम केलीच, वर कोपऱ्यापर्यंत उगाच एक चक्कर मारून आलो. सूर्य खाली उतरला होता आणि कडाक्याच्या थंडीत इथे दिसतात तसे त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य लागले होते. मला वाटलं, माझ्याच सन्मानार्थ लागले आहेत.

घरी येऊन बूट काढले. दोन्ही मोज्यांतून वाफा. बूट हलवून पाहिला. आवाज नाही. मग मला दरदरून घाम फुटला, आणि तो पायांचा नव्हता.

मी धावत काकूंकडे गेलो. आत सगळं शांत. काकू सोफ्यावर, डावा पाय उघडा, बोटं मेणासारखी पांढरी. माझ्या बुटात एवढा वेळ त्या पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडत होत्या, इंजिन गोठू नये म्हणून गाड्यांना लावलेल्या हीटरचे प्लग काढून देत होत्या. परत येताना लंगडल्या, आणि चिरंजीवांनी ते पाहिलं. फोन त्यांच्या हातातच होता.

"आई, धिस इज नॉट नॉर्मल. तुला स्वतःचे पाय सांभाळता येत नाहीत. आय अ‍ॅम बुकिंग इट. दोन तिकिटं."

काकू पायांकडेही बघेनात. पाय काय म्हणतात, हे विचारायचंच त्यांनी सोडून दिलं होतं.

"थांबा," मी म्हणालो. "तो माझा बूट आहे. त्यात पाणी आहे. मी झडप उघडली होती. आणि ठिपके पण मीच लावले."

चिरंजीवांना एक अक्षर कळलं नाही. काकूंना सगळं कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "बस खाली. शर्ट वर कर."

"काय?"

"गारठलेला पाय गरम पाण्यात घालत नाहीत. दुसऱ्याच्या पोटावर ठेवतात. तुझं पोट काय कामाचं आहे नाहीतर?"

उरलेल्या पंधरा-वीस बायकांसमोर मी शर्ट वर केला. माझी बायको तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. काकूंनी पाय ठेवला आणि मी जो ओरडलो, तो म्हणे पलीकडच्या गल्लीत ऐकू गेला. पाय नव्हता तो, फ्रीजरमधला मासा होता. सवयीने मी पाय लागला म्हणून नमस्काराला हात उचलले.

"नमस्कार नंतर कर. हलू नको."

चिरंजीवांनी बूट उचलला, आत हात घातला, काढला, बाहेरून दाबला. झडपेतून पाण्याचा एक थेंब गालिच्यावर पडला. त्यांनी तो थेंब बोटानं टिपला. मग फोन खिशात टाकून ते माझ्याजवळ जमिनीवर बसले.

"सरक," मला म्हणाले. इंग्रजी न मिसळता ते माझ्याशी बोललेला तो पहिलाच शब्द.

त्यांनी स्वेटर वर केला आणि आईचा पाय उचलून आपल्या पोटावर ठेवला. ओरडले नाहीत. फक्त डोळे घट्ट मिटले. दोन्ही हातांनी तो पाय धरून बसले. बायका हळूहळू तिळगूळ आवरायला लागल्या. कोणीतरी चहा टाकला. बऱ्याच वेळाने काकूंची बोटं हलली, गुदगुल्या झाल्यासारखे चिरंजीव हसले आणि काकूही हसल्या.

"दुखतंय?" चिरंजीवांनी विचारलं.

"झिणझिण्या येऊन राहिल्या. म्हणजे जिवंत आहे."

"वन मोअर विंटर, आई. पण याला," माझ्याकडे बोट, "याला तुझ्या बुटांजवळ येऊ द्यायचं नाही."

"मंजूर," काकू म्हणाल्या.

जाताना चिरंजीव विमानतळावर ससे घालून गेले. सरेच्या पावसात ते काय करणार होते, देव जाणे. पुढच्या हिवाळ्यात करार पुन्हा वाढला, त्याच्या पुढच्याही. नंतर तो विषय कोणी काढेनासं झालं. रविवारचे फोन मात्र चालू राहिले. मी खरं सांगायला लागलो होतो: "शोव्हल करतायत. हो, माझंसुद्धा."

आम्ही सगळे जानेवारीला घाबरत राहिलो आणि काकू गेल्या त्या एका जुलैत. दुपारच्या झोपेत, स्वतःच्या घरात, पंखा लावून.

आदल्या दिवशीच त्यांनी मागच्या अंगणात मेथीचा वाफा केला होता. कुंपणावरून मी पाहिलं होतं, अनवाणी उभ्या राहून वाफ्याच्या कडा दाबत होत्या. क्रियाकर्माच्या धावपळीनंतर चिरंजीव आणि मी तिथे गेलो, तेव्हा माती वाळून घट्ट झाली होती आणि तिच्यात पावलं उमटलेली होती. पाचही बोटांसकट. इतकी लहान, की एखादी शाळकरी मुलगी वाफ्याभोवती फिरून गेली असावी.

मेथी उगवायला लागली होती. चिरंजीवांनी झारी भरून आणली. पावलांवर पाणी पडू नये म्हणून ते गुडघ्यावर बसले आणि रोपांच्या मुळाशी थोडं थोडं ओतत राहिले.