ताल धरलेला हात

चित्रकलेचे निवृत्त शिक्षक भीमराव मास्तर गेल्याचा फोन त्यांच्या पत्नी कमलताईंनी घाटंजीहून केला. बातमीदाराच्या सवयीने मी वय विचारलं, कारण विचारलं... आणि मग घाटंजीची गाडी पकडली. त्यांच्या शेजारी मी अनेक वर्षं राहिलो होतो.

मास्तरांना एका जर्मन रेडिओ केंद्राच्या वाद्यवृंदाचं वेड होतं. आधी शॉर्टवेव्हवर, पुढे मोबाइलवर. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहरात केंद्राने पगारी वादक नेमून तो उभा केला होता. तिकिटांवर पोट नव्हतं, म्हणून हयात संगीतकारांच्या अवघड नव्या रचना तो बेधडक वाजवी. "पहिल्यांदा कानाले टोचते," मास्तर सांगत, "पण थे सोपं करून देत नाहीत." आतून कमलताई म्हणत, "मले तं भांडे पडल्यावानी वाटते."

कापसाच्या पडत्या वर्षांत इकडे सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या बंद पडत होत्या. तिकडे खर्चकपातीत तो वाद्यवृंद दुसऱ्यात विलीन होणार होता. अखेरचा कार्यक्रम थेट ऐकता येणार होता. त्याच सकाळी समोरच्या वेणूबाईंचा मुलगा अपघातात गेला. तेरवीपर्यंत कुणाच्याच घरी रेडिओ, टीव्ही लावायचा नाही, असा गल्लीचा रिवाज. मास्तर इअरफोन लावून अंगणात बसले. आवाज कुणाच्या कानावर गेला नाही. मांडीवर हात मात्र ताल धरत राहिला, आणि ओट्यावरून वेणूबाईंनी तो पाहिला.

"काय ऐकून राह्यले, मास्तर?"

मास्तरांनी इअरफोन काढला. शेवट त्यांनी कधीच ऐकला नाही. पुढे बाजारालाही ते, आणि त्यांच्यासोबत कमलताई, मागच्या बोळाने जात. "कोणत्या तोंडानं जाऊ तिच्या दारून?" असं मला म्हणत. माझा चहा दोन्ही घरी होई. विषय नाजूक आहे, अशी स्वतःची समजूत घालून मी एका घरचं दुसऱ्या घरी कधी सांगितलं नाही.

मास्तर गेल्यावर वेणूबाई भेटायला आल्या. कमलताईंनी हात जोडले, "त्यायच्यावर राग ठेवू नका."

"राग दोन दिसाचा होता, बाई. सारी गल्ली घरी येऊन गेली, मास्तर तेवढे नाही आले. थे लागलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमी तं रोज येत होते. सांगाचं नाही काय त्यायले?"



परवा कमलताईंबरोबर बाजाराला निघालो. समोर वेणूबाईंचं दार उघडं होतं. कमलताईंचे पाय सवयीने मागच्या बोळाकडे वळले... मीही मुकाट्याने त्यांच्यामागून गेलो.