‘व्हय म्हाराजा’ म्हणायला माणूस

आमच्या घरात कोणी आजारी पडलं की माझी गोष्ट सुरू होते, आणि गोष्ट सुरू झाली की आजारी माणूस लवकर बरा होतो. निदान तसं दाखवतो. इतकी वर्षं नर्सिंग करून मला गवसलेलं हे एकमेव खात्रीचं औषध, असं नवऱ्याचं म्हणणं. मी “मालवणकडे असताना” एवढं म्हटलं की दोन्ही मुलं एका सुरात “व्हय म्हाराजा” करतात. चेष्टेनं करतात. करू देत. त्या दोन शब्दांसाठी मी एकदा भर उन्हात खाडी ओलांडून गेले होते. आज ते लिहूनच काढते. कागद निदान मध्येच उठून जात नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जिल्हा नवा झाला होता आणि मीही नवीच होते. साताऱ्याकडच्या कोरड्या गावातली मुलगी, पहिलीच नेमणूक, आणि ती किनाऱ्यावरच्या एका लहानशा सरकारी इस्पितळात. घरून निघताना आईनं ट्रंकेत ज्वारीचं पीठ, तिखट आणि देवीचा फोटो घातला होता. पिठाला तिथल्या दमट हवेत पंधरवड्यात पोरकिडे झाले. तिखट टिकलं. माझं काय झालं ते सांगणं कठीण आहे. मी पत्रात “इथे सर्व छान आहे” असं लिहायची आणि मग क्वार्टरच्या पायरीवर बसून समोरच्या घरातल्या माशांच्या कढीचा वास घ्यायची. मासे मी खात नव्हते. पण चार माणसं एका पंगतीला बसून काहीतरी खातायत, त्याचा तो वास होता.

ट्रेनिंगच्या पुस्तकात ‘रुग्णाच्या श्रद्धांचा आदर राखावा’ असं एक वाक्य होतं. त्याच्या लगेच खाली एनिमाची कृती होती, आणि परीक्षेला नेहमी एनिमाच यायचा. त्यामुळे पहिलं वाक्य मी प्रत्यक्षात, चुकत चुकत शिकले. रमजानात एका बाईला भरदुपारी टॉनिकचा चमचा पुढे केला. एका ख्रिस्ती म्हातारीच्या गळ्यातला क्रूस एक्स-रेसाठी काढून खिशात ठेवला आणि तशीच घरी गेले. ती बिचारी रात्रभर गळा चाचपत राहिली. दोघींनीही मला माफ केलं. नवीन आहे, घाटावरची आहे, असं म्हणून तिथले लोक मला बरंच काही माफ करायचे. पण माफ केलं म्हणजे जवळ घेतलं असं नसतं.

मग ती आजी आली. तोंडवलीच्या बाजूची, खाडीच्या तोंडाशी घर असलेली. नवरा दर्यावर्दी होता, तो केव्हाच गेला. एकुलता मुलगा बोटीवर, कुठल्या समुद्रात ते तिलाही ठाऊक नव्हतं. सून मुंबईला. साखरेचा आजार होता आणि उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. गावातल्या कोणीतरी तिला आमच्या दारात आणून सोडलं आणि ते कोणीतरी निघून गेलं.

आमचे डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, हुशार. त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. आता अंगठा काढला तर पाय वाचेल. उशीर केला तर गुडघ्यापासून काढावा लागेल, आणि तेही नशीब असेल तर. कोळणीनं सांगितलेला भाव ऐकावा तसं आजीनं ऐकून घेतलं.

“देवीक इचारलां?” तिनं विचारलं.

“कोणाला?”

“आमच्या गावच्या देवीक. कौल घेतल्याशिवाय माझ्या पायाक सुरी लावूक देवचंय नाय.”

डॉक्टर व्हरांड्यात आले. “सिस्टर, संमतीच्या कागदावर आता देवीचा अंगठा घ्यायचा का?” मी हसले. डॉक्टर विनोद करतात तेव्हा नर्सनं हसायचं असतं. मग ते विनोद सोडून म्हणाले, “परवापर्यंत थांबतो. त्यापुढे इथे मी हात लावणार नाही, गोव्याला पाठवीन.” आजी गोव्याला जाणार नव्हती. ती घरी जाणार होती, आणि त्या पायानं घरी जाणं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

मला एक युक्ती सुचली. मी तेव्हा फार युक्तीबाज होते. क्वार्टरवर जाऊन ट्रंकेतला देवीचा फोटो आणला आणि आजीच्या खाटेशेजारच्या स्टुलावर उभा केला. म्हटलं, “घ्या आजी. विचारा.”

आजीनं फोटो हातात घेतला, पदरानं काच पुसली, कपाळाला लावला आणि मला परत दिला. “बरी आसा गो तुझी देवी. पण तिका माझो पाय कित्याक ठावक?”

वॉर्डातल्या आयाबाईंना सगळे मावशी म्हणायचे. मावशी बादली खाली ठेवून हसायला लागल्या. “शिस्टर, साताऱ्याचो तलाठी मालवणचो उतारो देता काय?”

देवाला हद्द असते हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे देव सगळीकडे असतो. तिच्याकडेही असावा, पण निर्णय देण्याचा अधिकार तिच्या गावच्या पाषाणालाच होता.

संध्याकाळी ड्रेसिंग करताना मी विचारलं, “मग कौल घ्यायला कोणी का जात नाही?”

“गुरव गाऱ्हाणां घालतलो,” आजी म्हणाली, “पण घरचा माणूस उभा रवाक होया. गुरव देवीक सांगतलो, आणि व्हय म्हाराजा कोण म्हणतलो? भिंत?”

“शेजारी?”

“शेजारी भावकीतले. तेंच्याशी बोलणां नाय. एका माडावरना भांडण झाला.” तिनं बांधायचा पाय माझ्याकडे सरकवला. “माड कधीच पडलो. भांडण अजून उभा आसा.”

मी बँडेजची गाठ मारली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मी जाते.”

आजीनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “तू? घाटावरची?”

“हो.”

“तुका व्हय म्हणाक येता?”

माझ्या आधी मावशीच बोलल्या, “आजये, डॉक्टरापुढे तिका दुसरा काय येता?”

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. बाजारातून नारळ आणि फुलं घेतली, खाडीपर्यंत एस.टी.नं गेले, होडीतून पलीकडे उतरले आणि सुरूच्या बनातून वाळू तुडवत निघाले. पांढरा युनिफॉर्म घातला होता. सरकारी कामाला जातेय असं स्वतःला पटवायला तो बरा पडत होता. देवळाच्या बाजूला गुरव आमसुलं वाळत घालत होता. मला बघून तो चटकन उभा राहिला आणि हात हलवून म्हणाला, “हंय सगळ्यांची ऑपरेशना झाली.”

कुटुंबनियोजनवाली समजला. त्या काळी पांढऱ्या साडीला गावातून दोनच स्वागतं मिळायची, एकतर बाळंतपण निघायचं नाहीतर लोक पळायचे. मी आजीचं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि हात पुसत त्यानं विचारलं, “तुमी तिची कोण?”

ह्या प्रश्नाचं उत्तर मी येताना होडीतसुद्धा शोधत होते. “कोणी नाही,” मी म्हटलं. “मी तिचा पाय धुते.”

त्यानं जरा विचार केला. “पाय धुता तर घरचाच माणूस,” म्हणाला आणि आत गेला.

गाभाऱ्यात गारवा होता. त्यानं पाषाणाला पाणी घातलं, ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मग डोळे मिटून त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं. “बा देवी माउली म्हाराजा, आज तुझा लेकरू परक्या खाटीर पडला हा. झील दर्यार आसा, घराक कुलूप आसा. तेच्या पायाक सुरी लावूची काय नको, तां तू सांग. काय चुकला माकला आसात तर पोटात घाल म्हाराजा.”

तो थांबला. ही माझी पाळी आहे हे कळायला मला वेळ लागला. “हो महाराज,” मी म्हटलं, शाळेतल्या हजेरीसारखं.

गुरवानं एक डोळा उघडला. “बाय, देवी जुनी आसा. तिका मोठ्यान सांगूक होया.”

त्यानं पुन्हा सुरुवातीपासून गाऱ्हाणं घातलं. मी पदर खोचला आणि ओरडले, “व्हय म्हाराजा.”

एका जत्रेत मी हे बाहेरून ऐकलं होतं. सगळा गाव एकदम म्हणतो तेव्हा छाती दणाणते. आता एकटीचा आवाज त्या रिकाम्या सभामंडपात गेला, खांबांना लागला आणि परत माझ्याकडे आला. इतक्या महिन्यांत ह्या मुलखात मी एवढ्या मोठ्यानं काहीच बोलले नव्हते.

पाकळ्या हलेनात. मी नाडी मोजायला शिकलेली बाई, आणि माझी स्वतःची नाडी मला मोजवेना. पाणी सुकलं की पाकळी पडते, हे माझ्या डोक्याला माहीत होतं. डोकं सोडून बाकी सगळी मी उजव्या खांद्याकडे बघत होते. डावा पडला असता तर काय केलं असतंस, असं मुलं विचारतात. तेव्हा मी चहा ठेवायला उठते.

“उजवो,” गुरव म्हणाला. एस.टी. आली, असं म्हणावं तितक्याच सहज. नारळ फोडला, अर्धी भकल माझ्या हातात ठेवली. मग म्हणाला, “तुमचां काय आसा? इलात तशी इचारून घेवा.”

माझं होतं. बदलीचा अर्ज केला होता. रोज पोस्टमन दिसला की हातातलं काम थांबायचं. घरी जायला मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. तोंडही उघडलं. पण मग मागे बघितलं. सभामंडपात माझ्या चपला होत्या आणि ऊन होतं. गाऱ्हाणं त्यानं घातलं असतं. होकार कोण देणार? आपल्याच गाऱ्हाण्याला आपण व्हय म्हणायचं नसतं, एवढं मला तोवर कळलं होतं.

“काही नाही,” मी म्हटलं. “माझी देवी दुसरी आहे.”

इस्पितळात पोचले तेव्हा आजी उठून बसली होती. “उजवो?”

“उजवो.”

“कोण कोण होता?”

“मी.”

“आणि?”

“मीच.”

तिनं मान हलवली. “मोठ्यान म्हटलंस?”

“घसा बसलाय बघा.”

ते तिला ऐकू येत होतंच. तिनं कागदावर अंगठा उठवला आणि राऊंडला आलेल्या डॉक्टरांना सांगितलं, “आता काप.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. भला माणूस. अंगठा गेला, पाय राहिला. जखम भरायला वेळ लागला, आणि त्या वेळात आजीनं माझं सगळं काढून घेतलं. गाव, आई, पिठातले किडे, आणि अर्जसुद्धा.

“देवीक तुझा इचारलंस नाय?”

“नाही.”

“कित्या गो?”

“म्हणायला कोण होतं?”



तिला घरी सोडलं तेव्हा आगोटीचे दिवस होते. पावसाळ्यापूर्वी घरात लाकूडफाटा, सुकी मासळी, आमसुलं भरून ठेवायची असतात, त्यामुळे खाट धरून पडायला कोणाला फुरसत नव्हती. वॉर्डात ती एकटीच उरली होती. न्यायला भावकीतला माणूस आला. तोच, माडावरच्या भांडणातला. आत आला नाही. व्हरांड्यात पाठ करून उभा राहिला.

आजीनं लुगडं सारखं केलं, खाटेवरच खाडीच्या दिशेला तोंड करून बसली आणि हात जोडले. “बा देवी म्हाराजा, ह्या परक्या चेडवान तुझ्याकडे माझा गाऱ्हाणां पोचयला. तेचा आयकूक हंय कोण नाय. तेका तेची माणसा मेळांदेत. खंय मेळतली तां तुका ठावक म्हाराजा.”

आणि ती थांबली. गाऱ्हाणं माझंच होतं. मला म्हणता येत नव्हतं. मावशी पाणी आणायला विहिरीवर गेल्या होत्या. व्हरांड्यातल्या माणसानं घसा खाकरला. मला वाटलं, आता हा म्हणेल. म्हणाला नाही. माड मोठा असावा.

आजीनं आणखी थोडी वाट पाहिली. मग मान जराशी वळवली, जणू आता बोलणारी बाई शेजारी बसलेली कोणी दुसरीच आहे, आणि वेगळ्याच, जाड आवाजात म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

“असं चालतं?” मी विचारलं.

“चलणा नाय,” ती म्हणाली. “पण देवीक दिसता हंय कोण कोण आसा तां.”

त्या माणसानं तिला पाठीवर घेतलं. एस.टी.च्या थांब्यापर्यंत रस्ता उघडाच होता, मला खिडकीतून शेवटपर्यंत दिसत होता. ती त्याच्या पाठीवर, बांधलेला पाय पुढे निघालेला, तिचं तोंड एका बाजूला, त्याचं दुसऱ्या. बोलणं नव्हतंच.

मी खाट आवरली, चादर बदलली. उशीखाली फुलाची एक सुकलेली पाकळी निघाली. कौलाच्या दिवशी मीच तिला आणून दिलेली. ती कपाटात ठेवली. मग दुपारच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून ट्रे भरायला घेतला, आणि भरता भरता लक्षात आलं की घ्यायला वॉर्डात कोणी नाही.