मुळगावच्या वळणावरचा हॉर्न

माणूस कितीही वाचलेला असो, विश्वाच्या गूढापुढे एकदा तरी त्याला मान वाकवावीच लागते. मी वाकवली ती मुळगावच्या वळणावर, मोटरसायकलची चेन बघायला.

आधीच सांगतो — माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. वळणावर आंब्याखाली एक दगड आहे, गावाचा राखणदार. जाणारा-येणारा प्रत्येकजण तिथे हॉर्न मारतो. इतक्या जागृत रक्षकाला आपण उठवायचं कशाला, हे माझं मत. शिवाय माझा हॉर्न मधेच अडकून बोंबलत राहायचा, म्हणून मेकॅनिक सदाने त्याची वायरच काढून ठेवली होती. चेन बदला, असंही तो तेव्हाच म्हणाला होता. मी घरच्या खोबरेलावर भागवत होतो...

शुक्रवारी सकाळी म्हापशाच्या बाजाराला निघालो. मागे बायको. वळण आलं.

"अहो, हॉर्न मारा."

"वायर नाही."

"मग तोंडान तरी सांगा! राखणदाराक विचारल्याबगर खंय चललात?"

मी हसलो. पुढे लांब उतार. तेवढ्यात हॉर्न वाजला — माझाच! सर्दी झालेल्या बोकडासारखा तो आवाज मी कुठेही ओळखेन. दचकून ब्रेक लावला. गाडी थांबता थांबता खाली खळ्ळकन काहीतरी पडलं. चेन. तुटलेली.

"मारलात मा शेवटी!" बायको खूश.

फोन केल्यावर सदा आला. चेनवरचा तेलाचा आणि खाणीच्या लाल धुळीचा थर त्याने नखाने खरवडला. "सर, चेनीक खोबरेल? वेणी घालूची होती?" मग उताराकडे बघत हळू म्हणाला, "थंय तुटून चाकात अडाकली आसती तर चाक जाम. बायेक खंय शोधतलात?"

बायकोने आंब्याकडे वळून हात जोडले.

मग हॉर्न तपासायला लावला. वायरच्या टोकावरची सदाची टेप जशीच्या तशी. बटण दाबलं — शांत. मागेपुढे दुसरी गाडी नव्हती. भास म्हणावा, तर दोघांना एकदम? कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

नवी चेन घातली. आता ती वेळच्या वेळी पुसतो, तेलही चेनचंच घालतो. सदा हॉर्नची वायर जोडायला निघाला होता, त्याला नको म्हटलं. पुन्हा वाजला तर कोणी वाजवला, ते नक्की कळायला हवं.

तोवर वळणावर मी तोंडानेच पीं पीं करतो.