फोटोच्या कडा

"कड उघडी ठेवू नये," असं म्हणत काका खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढायचे आणि मी कपाळाला हात लावायचे. आता फोटोभोवती काय उगवणार, ते देवालाच ठाऊक.

बरकतपुऱ्यातल्या आमच्या स्टुडिओत काकांनी सगळी उमर निगेटिव्हवर ब्रश फिरवण्यात घालवलेली. डिजिटल कॅमेरे आले, अंधारखोली बंद झाली आणि मालकांनी त्यांना पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. बाकीचं फारसं डोक्यात शिरलं नाही. फोटोला कडा लावायला मात्र ते पक्के शिकून आले. वेलबुट्टी, लाटा, फाटका कागद, जळका कागद. काउंटरवर मी बसायचे, म्हणजे गिऱ्हाइकांची बोलणी मलाच.

एकाचा पासपोर्टचा फोटो त्यांनी नागमोडी कडेचा करून दिला. तो अर्थातच ऑफिसातून परत आला. साखरपुड्याच्या फोटोला जळक्या कडा लावल्या, तेव्हा मुलीची आई रडवेली होऊन म्हणाली, "ये क्या करे जी? शादी से पहलेच जला दिए?" मी आत जाऊन त्यांना चांगलं सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "पण जुन्या काळातला वाटतो की नाही?" अशा माणसाशी भांडायचं कसं, तुम्हीच सांगा.

मग मलकपेठच्या एक बाई आल्या. नवरा नुकताच गेला होता. दोघांचा मिळून एकच फोटो होता, आणि तेराव्याला त्यांना एकट्या नवऱ्याचा मोठा करून हवा होता. "मला काढून टाका, पण त्यांच्या खांद्यावरचा माझा हात राहू द्या," असं त्यांनी मला सांगितलं. काउंटरवर गर्दी होती. मी फोटोच्या पाकिटावर 'फक्त गृहस्थ' एवढंच लिहिलं.

काकांनी धुक्यासारखी मऊ कड लावली. खरं सांगते, सुंदर दिसत होती. हात मात्र त्यात विरून गेला. बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "माझा हात?"

मी सवयीनं काकांवरच घसरले. पुन्हा तुमच्या त्या कडा, मी म्हणाले. बोलता बोलता मला पाकिटावरचे माझे दोन शब्द आठवले. तरी मी कबूल केलं नाही. काका बाईंना म्हणाले, "चुकलं माझं, ताई. तासभर बसा."

त्यांनी फोटो पुन्हा स्कॅन केला. बोटं अगदी काठावर येत होती. कुठलीही नक्षी त्यांच्यावरच पडली असती. त्या फोटोला त्यांनी काहीच लावलं नाही. बाई तो पदराखाली धरून गेल्या.

वर्षभरानं काका नांदेडला मुलीकडे राहायला निघाले. निरोप घ्यायला आले, तेव्हा मी धीर करून सांगितलं, की त्या बाईंनी हाताचं मला सांगितलं होतं, लिहायला मीच विसरले.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पाकीट मी दोनदा वाचलं होतं."

मग तेव्हाच का नाही बोललात, म्हणून मी पुन्हा त्यांच्यावरच चिडले. ते चपला घालत हसले आणि कठड्याला धरून जिना उतरून गेले.